गुरुजींना खाडीवर कोणीं न्यावें?

मुलांना वर्गाबाहेर न्यावें, झाडें, पांखरें, डोंगर, समुद्र हीं त्यांना प्रत्यक्ष दाखवावीं, असें आपण सारेच म्हणतों. ह्या विषयावर भाषणें पुष्कळ झालीं आहेत. परंतु जो शिक्षक मुलांना बाहेर नेतो त्याला स्वतःला बाहेर कोणीं न्यावें, त्याचें शिक्षण कोठें व्हावें, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ह्या प्रश्नाला आपल्याकडे सवाशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो आज आपल्यापुढें थोडक्यांत मांडावा असा माझा हेतु आहे. मात्र इतिहासाला हात घालण्यापूर्वीं एक कबुली देणें मला भाग आहे.

मी घणसोली गांवचा. आमचें गांव ठाण्याच्या खाडीच्या पूर्व कांठावर. आज घणसोलीच्या स्थानकावर उतरणाऱ्यास उंच इमारतींच्या रांगा दिसतात. पण १९७० सालीं सिडको स्थापन होऊन नवी मुंबईची आंखणी सुरू झाली, त्यापूर्वीं भातशेती, मिठागरें आणि खाडी एवढेंच आमचें जग होतें. आगरी आणि कोळी घरांतून खाडीचें ज्ञान कोणी शिकवीत नसे. तें मुलांच्या अंगीं आपोआप मुरे. माझें बालपण मात्र पुस्तकांत गेलें, आणि त्याचा मला अभिमान वाटे.

सन १९८६ च्या पावसाळ्यांतील गोष्ट. मॅट्रिक होऊन, शिक्षकाचें प्रमाणपत्र मिळवून मी प्राथमिक शाळेंत नुकताच रुळलों होतों. 'परिसर अभ्यास' हा विषय माझ्याकडे होता. एके दिवशीं वर्गांतली एक मुलगी ओल्या फडक्यांत कांहीं गुंडाळून घेऊन आली. तिची आई खाडींत निवट्या-चिंबोऱ्या पकडून विकीत असे. फडकें सोडून पाहतों तों तिवराचीं चार-पांच फळें. एकाची साल फाटून आंतला कोंब बाहेर डोकावत होता. तिनें विचारलें, "गुरुजी, हें बीं झाडावरच कसं रुजलं? मातींत तर पडलंच नाहीं."

मला उत्तर येत नव्हतें, आणि येत नाहीं असें म्हणण्याचें धैर्यही नव्हतें. "चिखलांतला कचरा वर्गांत आणूं नये," असें दरडावून मीं तीं फळें तिला बाहेर टाकावयास लावलीं आणि बीजांकुरणाचा धडा काढला. त्या धड्यांत वालाचें बीं होतें, ओला कापूस होता, कांचेचा पेला होता. आणि शाळेपासून हांकेच्या अंतरावर, सबंध खाडीच्या कांठानें, हजारों बिया झाडावरच रुजत होत्या. त्या मुलीनें पुन्हां कधीं कांहीं आणलें नाहीं.

दोष माझाच होता. परंतु पुढें विचार करतांना मला असें दिसूं लागलें कीं, माझ्यासारखे गुरुजी गांवोगांवीं असणार. पाठाचें टांचण कसें काढावें, फळ्यावरचें अक्षर कसें असावें, हें आम्हांला शिकविलें होतें. पण ओहोटीच्या वेळीं चिखलांत पाय घालून तिवराचें झाड कसें पाहावें, हें कोणींही शिकविलें नव्हतें. हें असें कां झालें, ह्याचा शोध घेत मी मागें गेलों, तो थेट १८८३ सालापर्यंत पोंचलों.

त्या सालीं, ता. १५ सप्टेंबर रोजीं, मुंबईंत आठ गृहस्थ एकत्र जमले आणि त्यांनीं बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था काढली. आठांपैकीं दोघे हिंदी होते, आणि दोघेही डॉक्टर: प्रार्थना समाजाच्या संस्थापकांतील डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. इंग्रज सभासदांत एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे होते. हे गृहस्थ मुंबई सरकारच्या जकात व मीठ खात्यांत अधिकारी होते. म्हणजे आमच्यासारख्या मिठागरवाल्यांशीं ज्यांचा नित्याचा संबंध येई अशांपैकीं. ह्या मंडळींपैकीं कोणी शाळामास्तर नव्हता. आपापला उद्योग सांभाळून, जमविलेले नमुने एकमेकांस दाखवावे, पाहिलेलें एकमेकांस सांगावें, एवढाच त्यांचा क्रम. तेच एकमेकांचे गुरु आणि तेच एकमेकांचे शिष्य. निसर्ग दाखविणाऱ्याचें शिक्षण कसें होतें, ह्याचा पहिला धडा आपल्याला येथें सांपडतो: तें जाणत्यांच्या संगतींत, वस्तु हातांत घेऊन होतें.

पुढें विसाव्या शतकाच्या आरंभींच्या वर्षांत, एक शाळकरी मुलगा आपण छऱ्यानें पाडलेली चिमणी हातांत घेऊन ह्या संस्थेच्या दारांत उभा राहिला. चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता; ही कोणत्या जातीची, एवढेंच त्याला विचारावयाचें होतें. संस्थेचे चिटणीस डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनीं त्याला हांकलून दिलें नाहीं. त्यांनीं पक्षी ओळखून सांगितला, कपाटें उघडून भरून ठेवलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखविला, आणि पुढें पक्षी भरून ठेवण्याची विद्याही त्याला मिळवून दिली. तो मुलगा म्हणजे सलीम अली. श्रोतेहो, ही हकीकत मीं प्रथम वाचली तेव्हां माझ्या डोळ्यांपुढें तें ओलें फडकें आलें. मूल हातांत कांहीं घेऊन दारांत येतें, तो क्षण दोन्हीकडे एकच. फरक इतकाच कीं, एका दारांत जाणता माणूस होता आणि दुसऱ्या दारांत मी होतों.

सलीम अलींची पुढची कथा आपल्या विषयाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाची आहे. विद्यापीठाची पदवी नाहीं म्हणून प्राणिशास्त्राच्या सरकारी खात्यांत त्यांना जागा मिळाली नाहीं. १९२६ सालीं मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयांत, म्हणजे आजच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत, निसर्गविभाग लोकांना समजावून सांगणारा मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून त्यांची नेमणूक झाली. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर ते निसर्गशिक्षक झाले. कांहीं काळानें त्यांना वाटूं लागलें कीं, दुसऱ्यांना सांगावयाचें तर आपण स्वतः आणखी शिकलें पाहिजे. मग ते बर्लिनला गेले आणि तेथील प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयांत प्राध्यापक एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखालीं शिकले. हा गुरु त्यांना जन्मभर पुरला. परंतु १९३० सालीं परत येऊन पाहतात तों पैशाच्या टंचाईमुळें त्यांची जागाच रद्द झालेली. शिक्षक शिकून आला, आणि त्याला उभें राहावयास जागा उरली नाहीं!

मग ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. तेथें त्यांनीं सुगरणींचीं घरटीं दिवसचे दिवस न्याहाळलीं. नर अर्धवट घरटें विणतो, मादी येऊन तें पारखते, पसंत पडलें तरच संसार मांडते. आणि मग तोच नर दुसरें घरटें विणावयास घेतो. हें किहीमच्या निरीक्षणांतून त्यांनीं जगापुढें मांडलें. १९४१ सालीं त्यांचें भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक निघालें आणि घराघरांतून पक्षी पाहणारे तयार झाले. सलीम अलींना किहीम लाभलें, कारण त्यांच्या अंगांत तेवढी जिद्द होती. पण ज्याच्या पाठीशीं घरचा आधार नाहीं अशा साध्या शिक्षकानें शिकावें, आणि परत आल्यावर त्याची जागा गेलेली असावी, तर दुसरा कोण शिकावयास जाईल? हा ह्या इतिहासांतला दुसरा धडा.

हीच अडचण सातासमुद्रांपलीकडेही आली होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्याची शेती मंदीनें खालावली आणि माणसें शहराकडे धांवूं लागलीं. खेड्यांतल्या मुलांना आपल्या भूमीची गोडी लागावी म्हणून कॉर्नेल विद्यापीठानें शाळांतून निसर्गाचा अभ्यास सुरू केला. काम हातीं घेतल्यावर त्यांना उमगलें कीं, खरी उणीव शिक्षकांत आहे. शिक्षकांनाच निसर्गाचें ज्ञान नाहीं. म्हणून त्यांनीं शिक्षकांसाठीं पत्रकें काढलीं. ह्या कामांतल्या ॲना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक या बाईंनीं १९११ सालीं शिक्षकांकरितांच एक जाडजूड मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्यांत त्या शिक्षकाला धीर देतात, कीं 'मला ठाऊक नाहीं' असें मुलांपुढें म्हणण्यांत कमीपणा मानूं नये. उत्तर मुलांच्या बरोबरीनें शोधावें. ही एक ओळ मला १९८६ सालीं कोणीं सांगितली असती तर!

आतां आपल्याच जिल्ह्याकडे वळूं. घणसोली जशी ठाणें जिल्ह्यांत, तसा डहाणूचा मुलूखही त्या काळीं ठाणें जिल्ह्यांतच होता. २०१४ सालीं तो नव्या पालघर जिल्ह्यांत गेला. ह्या मुलुखांत, समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं, १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडलें. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनीं बालशिक्षणाचें काम केलें होतें आणि दादरला शिशुविहारही काढला होता. बोर्डीस त्यांच्याबरोबर अनुताई वाघ आल्या. १९५७ सालीं हें काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तींत गेलें.

तेथें अडचण अशी होती कीं, वारल्यांचीं मुलें शाळेंत येत नसत. कोणाला धाकटें भावंड संभाळावयाचें, कोणाला गुरें चारावयाचीं. मुलें येत नाहींत म्हणून ह्या बायांनीं कपाळाला हात लावला नाहीं. जेथें मुलें तेथें शाळा न्यावयाची, असें त्यांनीं ठरविलें. वस्तीच्या अंगणांत अंगणवाडी भरली, आणि गुरें चरत तेथें कुरणशाळा भरली. पाला, बिया, खडे, शिंपले हींच शिकविण्याचीं साधनें. ह्याचा शिक्षिकेच्या बाजूनें विचार करा. गुरांमागें फिरणाऱ्या मुलाला शिकवावयाचें तर तिला गुरांमागें फिरणें आलें. कोणती वेल विषारी, कोणतें फळ खाण्याजोगें, हें त्या मुलाकडून समजून घेणें आलें. कोसबाडला बालशिक्षिकांना तयार करण्याचें कामही झालें, आणि तें कुरणाच्या शेजारींच झालें. अनुताईंनीं स्वतः पन्नाशी ओलांडल्यावर पदवी घेतली. ज्या स्वतः शिकत राहिल्या त्यांच्याच हातून दुसऱ्या घडल्या. मुलुखाचे जाणते लोक हे शिक्षकाचेही शिक्षक आहेत, हा तिसरा धडा कोसबाडनें दिला.

स्वातंत्र्यानंतर ह्या प्रश्नाला निरनिराळीं वळणें लागलीं. डोंगराच्या बाबतींत आपण लवकर शहाणे झालों. १९५४ सालीं दार्जिलिंगला आणि १९६५ सालीं उत्तरकाशीला गिर्यारोहणाच्या संस्था निघाल्या. तेथें प्राथमिक शिक्षण, मग पुढचें शिक्षण, आणि ज्याला दुसऱ्यांना शिकवावयाचें असेल त्याच्यासाठीं शिकविण्याच्या पद्धतीचा वेगळा अभ्यासक्रम, अशा पायऱ्या बांधलेल्या आहेत. सह्याद्रींत मुलांना नेणारे कितीतरी मराठी तरुण ह्या पायऱ्या चढून आले. कड्यावर चूक झाली तर जीव जातो, हें सर्वांना दिसतें. म्हणून तेथें शिकविणाऱ्याच्या शिक्षणाची निकड पटली. खाडीच्या चिखलावर मात्र चूक झाली तर एका मुलीची जिज्ञासा जाते. तिचा पंचनामा कोण करणार?

१९७७ सालीं तत्कालीन सोव्हिएट संघराज्यांतील तिबिलिसी शहरीं पर्यावरण-शिक्षणाची जागतिक परिषद भरली. शिक्षक होण्यापूर्वीं आणि झाल्यानंतरही शिक्षकाला ह्या विषयाचें शिक्षण मिळालें पाहिजे, असा आग्रह तेथें धरला गेला. आपल्याकडे १९८४ सालीं अहमदाबादला पर्यावरण शिक्षण केंद्र स्थापन झालें. १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एम. सी. मेहता यांच्या अर्जावर निकाल देऊन हा विषय शाळा-महाविद्यालयांतून सक्तीनें शिकवावा असें फर्मावलें, आणि २००३ सालीं त्याच्या अंमलबजावणीसाठीं पुन्हां कान पिळले. १९९३ सालीं पुण्यास भारती विद्यापीठानें पर्यावरण शिक्षणाची स्वतंत्र संस्था काढली, डॉ. एरच भरूचा यांनीं ती उभारली. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें गोरेगांवास, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, निसर्गशिक्षणाचें केंद्र उघडलें, आणि पक्षिशास्त्रासारखे छोटे अभ्यासक्रम नोकरी-धंदा करणाऱ्यांसही खुले केले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें तर शिक्षकानें दर वर्षीं निदान ५० तास आपल्या व्यवसायाच्या वाढीसाठीं शिकावें असें सांगितलें.

म्हणजे दारें उघडलीं, आणि ज्याला शिकावयाचें आहे त्याला आज जागा नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. पण विषय सक्तीचा होणें आणि शिक्षक तयार होणें ह्यांत अंतर असतें. निकालपत्रानें पुस्तक एका वर्षांत छापतां येतें. गुरुजी एका वर्षांत घडवितां येत नाहीं.

आमच्या खाडीचेंही नशीब ह्या अवधींत पालटलें. २०१२ सालीं राज्याच्या वनखात्यानें कांदळवनांसाठीं स्वतंत्र कक्ष काढला. २०१५ सालीं खाडीचा सुमारें १,६९० हेक्टर भाग रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि २०२२ सालीं ह्या खाडीला रामसर करारान्वयें जगांतील महत्त्वाच्या पाणथळींत स्थान मिळालें. आमच्या शेजारच्या ऐरोलीस ह्या कक्षाचें केंद्र उभें राहिलें. तेथून लोक नावेंत बसून रोहित पाहावयास जातात. ज्या चिखलाला मीं कचरा म्हटलें त्याची कीर्ति जगांत झाली.

निवृत्तीच्या थोडें आधीं शिक्षकांसाठीं भरलेल्या एका शिबिरांत मी गेलों. मार्गदर्शक माझ्या मुलाच्या वयाचा होता. त्यानें आम्हां सगळ्यांस ओहोटीला गुडघाभर चिखलांत उतरविलें. तिवराचें पान उन्हांत धरून त्यावरचे मिठाचे कण दाखविले. हें झाड खारें पाणी पितें आणि मीठ पानांतून बाहेर टाकतें. चिखलांतून वर आलेलीं मुळें दाखविलीं. गुदमरलेल्या मातींत हवा मिळावी म्हणून तीं वर डोकें काढतात. आणि मग त्यानें तिवराचें एक फळ सोललें. खारट चिखल आणि दिवसांतून दोनदां येणारी भरती; साधें बीं येथें रुजण्यापूर्वींच वाहून जाईल. म्हणून झाड त्याला अंगावरच रुजवून खालीं सोडतें. पडतांच तें मूळ धरूं शकतें. तीस वर्षें अडलेलें उत्तर तीन मिनिटांत मिळालें. माझ्या वयाच्या माणसानें चिखलांत उभें राहून डोळे पुसणें बरें दिसलें नसतें. म्हणून मीं चष्मा पुसला.

परंतु त्याच दिवशीं आणखी एक गोष्ट घडली. चिखलावरून टुणकन् उडणाऱ्या माशाचें शास्त्रीय नांव मार्गदर्शकानें अचूक सांगितलें. जवळच कालवें काढीत बसलेली एक म्हातारी हंसून म्हणाली, "निवटी गो ती. बिळाला दोन तोंडं असतांत, एकाव हात ठेवल्याबिगर गावाची नाय." मग तिनें भरतीचा हिशेब सांगितला: तिथीला पाउणानें गुणावें, कीं पूर्ण भरतीचा तास सुमारें हातीं येतो. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. आणि त्यापुढें सहा तासांनीं ओहोटी. मुलांना खाडीवर केव्हां न्यावें, हें ज्यावरून ठरवावयाचें तो आंकडा तिच्या बोटांवर होता. तिच्याकडे प्रमाणपत्र नव्हतें, म्हणून शिबिराच्या पत्रिकेंत तिचें नांव नव्हतें.

श्रोतेहो, ह्या इतिहासांतून मला जें समजलें तें साधें आहे. १८८३ च्या आठ जणांपासून कोसबाडच्या बायांपर्यंत, निसर्ग शिकविण्याचें काम जेथें जेथें साधलें तेथें शिकविणारा आधीं स्वतः बाहेर पडला होता. त्याला वस्तु दाखविणारा कोणी भेटला होता, आणि 'मला ठाऊक नाहीं' म्हणण्याची त्याला लाज नव्हती. आजच्या ५० तासांपैकीं किती तास खुर्चींत बसून सरतात, आणि किती चिखलांत, हें प्रत्येक शिक्षकानें व प्रत्येक शाळाचालकानें स्वतःशीं मोजून पाहावें. शिकून आलेल्या शिक्षकाला तें शिकविण्यास वेळ आणि जागा द्यावी. सलीम अलींच्या वांट्याला आलें तें पुन्हां कोणाच्या वांट्याला येऊं नये. आणि गांवोगांवच्या कोळणी, आगरी शेतकरी, वारली गुराखी ह्यांना शिक्षकांच्या शिबिरांत मानानें बोलवावें, त्यांच्या दिवसाची मजुरी त्यांना द्यावी. आमच्या गांवांत असे जाणते आतां थोडे उरले आहेत. इमारती वाढल्या, मासळी घटली, आणि मुलें दुसऱ्या उद्योगांना लागलीं. हे लोक गेल्यावर शिबिरें भरतील, पण निवटीच्या बिळाचें दुसरें तोंड कोणाला सांपडणार नाहीं.

ती मुलगी आज पन्नाशीच्या घरांत असेल. ती कोठें आहे हें मला ठाऊक नाहीं. कदाचित् तिच्या घरीं हा कार्यक्रम लागलाही असेल. तसें असेल तर, बाई, तुझा प्रश्न बरोबर होता, आणि उत्तर न येणें हा तुझ्या गुरुजींचा गुन्हा नव्हता. तुला फळें टाकावयास लावलीं हा मात्र होता. त्याची क्षमा मागून मी आपणां सर्वांची रजा घेतों.